शेवटचा उल्लेख आणि अंत : क्रिटेशस सागरातील फोरॅमिनीफेरांची साक्ष

(१)

मध्य इटलीतील अंब्रिया प्रांतात डोंगराच्या उतारावर गुब्यो नावाचे एक पुरातन नगर आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे नाव परिचयाचे असते ते तेथील सात ब्राँझपटांमुळे. इ. स. १४४४ मध्ये उजेडात आलेल्या ह्या पटांवर ख्रिस्तपूर्व शतकांतील अंब्रियन भाषेत धार्मिक विधींचे वर्णन कोरलेले आहे. काही मजकूर जुन्या अंब्रियन लिपीत असून काही रोमन लिपीत आहे. लॅटिनची भगिनी असलेली ही भाषा पुढे लुप्त झाली, आणि आज तिच्याविषयी आपणांस जे ज्ञान आहे त्याचा फार मोठा भाग ह्या सात पटांवरच आधारलेला आहे. नगराच्या मध्ययुगीन लॅटिन नावावरून विद्वज्जन ह्या पटांस 'एउगुबिनाय', म्हणजे गुब्योचे, हे विशेषण लावतात.

ह्याच नगराला लागून बोत्ताच्योने नावाची एक अरुंद दरी आहे. तिच्या दोन्ही कड्यांत गुलाबी व तांबूस चुनखडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. ह्या खडकास स्थानिक भाषेत 'स्काल्या रोसा' म्हणतात. मध्य ॲपेनाइन पर्वतातील ह्या चुनखडकाचा अभ्यास करून हान्सपेटर लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्व्हा ह्या दोन संशोधकांनी १९६४ साली एका अतिसूक्ष्म सागरी जीवाच्या अश्मीभूत कवचास 'ग्लोबिजेरिना युगुबिना' असे नाव दिले. विशेषण तेच, नगरही तेच. एक लेख धातूवर कोरलेला, दुसरा गाळात साचलेला. पहिल्याचे वय दोन हजार वर्षांहून थोडे अधिक, तर दुसऱ्याचे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे.

प्रस्तुत लेखक भूविज्ञानाचा नव्हे, भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. असे असता ह्या विषयास हात घालण्याचे कारण वरील नामसादृश्य नव्हे. लुप्त भाषा आणि लुप्त जीव ह्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांपुढे एकच कूट प्रश्न उभा राहतो. एखादी गोष्ट पुराव्यात शेवटची दिसते तो क्षण आणि ती प्रत्यक्ष नाहीशी होते तो क्षण एकच मानावा काय? क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस सागरातील जीवसृष्टीचा जो महानिर्वंश झाला त्याविषयी गेली काही दशके चाललेला वाद मुख्यत्वे ह्याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. त्या वादात खोल पाण्यातील फोरॅमिनीफेरांनी दिलेली साक्ष इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी आहे.

(२)

फोरॅमिनीफेरा हे एकपेशीय सागरी जीव होत. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरहून कमी असतो. ते स्वतःभोवती कवच बांधतात. पुष्कळ जातींत ते चुन्याचे असते, तर काही जाती वाळूचे कण चिकटवून ते तयार करतात. जीव वाढतो तसतसे त्यात नवे कप्पे जोडले जातात. कप्प्याकप्प्यांमधील पडद्यांस छिद्रे असतात, आणि ह्या छिद्रांवरूनच नाव पडले. लॅटिनमध्ये 'फोरामेन' म्हणजे छिद्र. हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सिद दॉर्बिन्यी (१८०२–१८५७) ह्याने १८२६ साली रूढ केले. ला रोशेलजवळच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत पित्याच्या मार्गदर्शनाखाली त्याने ह्या कवचांचा अभ्यास आरंभिला होता. त्याने प्रथम त्यांची गणना माखली व नॉटिलस ह्यांच्या वर्गात केली, कारण कप्पेदार शंखाशी त्यांचे बाह्य साम्य होते. १८३५ साली फेलिक्स द्यूजार्दें ह्याने जिवंत नमुने पाहून हे जीव अत्यंत साध्या रचनेचे आहेत असे दाखविले, आणि दॉर्बिन्यीचे वर्गीकरण मागे पडले. त्याने दिलेले नाव मात्र टिकले. पॅरिसच्या परिसरातील पांढऱ्या खडूमधील फोरॅमिनीफेरांवरचा त्याचा प्रबंध क्रिटेशस सागराच्या सूक्ष्मजीवाश्मांच्या अभ्यासाचा एक आरंभबिंदू म्हणावयास हरकत नाही.

ह्या जीवांच्या राहणीचे दोन प्रकार आहेत. काही जाती पाण्याच्या वरच्या थरांत तरंगत राहतात. त्यांस प्लवक म्हणतात. इतर जाती समुद्राच्या तळावर किंवा तळाच्या चिखलात थोड्या खोलीवर राहतात. त्यांस तळवासी म्हणावे. हा भेद प्रस्थापित होण्यास बराच काळ लागला. खोल सागरातून वर काढलेला गाळ ग्लोबिजेरिनांच्या कवचांनी भरलेला आहे हे आढळल्यावर हे जीव तळावरच राहत असले पाहिजेत असे अनेकांस वाटले. ब्रिटिश 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ ह्या सफरीत जॉन मरे ह्याने पृष्ठभागाजवळ जाळी ओढून जिवंत ग्लोबिजेरिना पकडल्या, तेव्हा वस्तुस्थिती स्पष्ट झाली. ही कवचे वर जगलेल्या जीवांची असून मृत्यूनंतर खाली साचली होती. त्याच गाळात प्रत्यक्ष तळावर जगलेल्या जातींचीही कवचे मिसळलेली असतात. सफरीत जमलेल्या फोरॅमिनीफेरांचे सविस्तर वर्णन हेन्री ब्रेडी ह्याने १८८४ साली प्रसिद्ध केले.

ह्यातून इतिहासाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. खोल सागरातील चिमूटभर गाळ हा एकाच ठिकाणी बांधलेल्या दोन दप्तरांसारखा असतो. एक दप्तर सूर्यप्रकाशातील पाण्याचे, दुसरे हजारो मीटर खालच्या अंधाराचे. दोहोंची नोंद एकाच थरात, म्हणून एकाच काळातली असते. एका साक्षीदाराचे म्हणणे दुसऱ्याच्या साक्षीने पडताळून पाहण्याची अशी सोय लेखी इतिहासात क्वचितच लाभते.

विसाव्या शतकात ह्या अभ्यासास तेल उद्योगाचे पाठबळ मिळाले. १९२० नंतरच्या काही वर्षांत टेक्ससमधील एस्थर ॲप्लिन, ॲल्व्हा एलिसर व हेडविग क्निकर ह्या तीन महिला संशोधकांनी विहिरींच्या छिद्रणातून निघालेल्या चुऱ्यातील फोरॅमिनीफेरांवरून थरांचे वय ठरविता येते हे सिद्ध केले. जोसेफ कुशमन ह्याने १९२३ साली मॅसॅच्युसेट्समधील शॅरन येथे स्वतंत्र प्रयोगशाळाच उभारली. १९६८ पासून 'ग्लोमार चॅलेंजर' ह्या जहाजाने महासागरांच्या तळात छिद्रे पाडून गाळाचे अखंड स्तंभ वर काढण्यास प्रारंभ केल्यावर खोल सागराचे दप्तर खऱ्या अर्थाने उघडले.

(३)

आता गुब्योच्या दरीकडे वळू. १९३६ साली ओटो रेन्झ ह्याने स्काल्या खडकाचे पातळ छेद करून त्यांतील फोरॅमिनीफेरांचा अभ्यास केला होता. पुढे लुटरबाखर व प्रेमोली सिल्व्हा ह्यांनी क्रिटेशसच्या शेवटच्या थरांचे बारकाईने निरीक्षण केले. खालच्या थरांत ग्लोबोट्रंकाना व तिच्या आप्त जातींची कवचे विपुल होती. ती प्लवक, आकाराने मोठी व नक्षीदार असून भिंगातून सहज दिसत. त्यांच्यावर जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर होता. त्यानंतरच्या चुनखडकात ही मोठी कवचे एकदम नाहीशी झालेली होती आणि त्यांच्या जागी केवळ अत्यंत लहान, साधी, गोलसर कवचे उरली होती. युगुबिना ही त्यांपैकीच एक.

हा बदल वस्तुतः एकदम घडला, की तो एकदम घडल्यासारखा दिसतो एवढेच? एकोणिसाव्या शतकाने दिलेले उत्तर दुसऱ्या प्रकारचे होते. दॉर्बिन्यी हा स्वतः पृथ्वीच्या इतिहासात वारंवार सर्वनाश व पुनर्निर्मिती झाली असे मानणारा होता. परंतु चार्ल्स लायल व चार्ल्स डार्विन ह्यांच्या प्रभावाने ते मत मागे पडले. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात भूवैज्ञानिक नोंदीच्या अपुरेपणावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात त्याने त्या नोंदीस अशा इतिहासग्रंथाची उपमा दिली की, ज्याची भाषा काळानुसार पालटत गेली आणि ज्याचा केवळ शेवटचा खंड, तोही तुटक पानांच्या रूपाने, आपल्या हाती उरला आहे. भाषाशास्त्रज्ञास ही उपमा आपल्या घरचीच वाटावी. तिचा निष्कर्ष असा की, मधली पाने गहाळ झाल्यामुळे सावकाश घडलेला बदल आपणांस अकस्मात घडल्यासारखा भासतो. अम्मोनाइटांचा निर्वंश आश्चर्यकारकरीत्या आकस्मिक दिसतो हे डार्विनने मान्य केले होते. परंतु थरांच्या मध्ये दीर्घ कालावधी लोटलेला असू शकतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते.

ह्या शंभर वर्षांच्या समजुतीस धक्का बसला तो १९८० साली. गुब्योच्या मातीचा थर साचण्यास किती काळ लागला हे ठरविण्याच्या प्रयत्नात वॉल्टर अल्व्हारेझ, त्याचे पिता लुइस अल्व्हारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल ह्यांस तीत इरिडियम ह्या दुर्मिळ धातूचे प्रमाण आसपासच्या खडकाच्या मानाने सुमारे ३० पट आढळले. इरिडियम पृथ्वीच्या कवचात अत्यल्प, परंतु अशनींत त्या मानाने पुष्कळ असते. ह्यावरून एक प्रचंड लघुग्रह पृथ्वीवर आदळला असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्याच वर्षी यान स्मिट व यान हेर्टोगेन ह्यांनी स्पेनमधील काराव्हाका येथील सीमास्तराविषयी स्वतंत्रपणे तसाच पुरावा प्रसिद्ध केला. १९९१ साली मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखालील चिक्शुलूब येथील सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे पुरलेले विवर हेच त्या आघाताचे स्थान होय असे प्रतिपादिले गेले, आणि आज ते सर्वमान्य आहे.

(४)

आघात झाला हे सिद्ध झाल्यानेही मूळ प्रश्न सुटला नाही. आघातापूर्वीच सागरातील जीवसृष्टी क्षीण होत आली होती काय, हा प्रश्न उरलाच. कारण अनेक ठिकाणी असे दिसत होते की, सीमास्तराच्या पुष्कळ खालीच एकेक जात नोंदीतून निघून जाते. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील सुमाया येथे पीटर वॉर्ड ह्यास सीमेखालच्या सुमारे दहा मीटर जाडीच्या थरांत प्रथम एकही अम्मोनाइट मिळाला नव्हता. अम्मोनाइट आधीच संपले होते असा त्याचा अर्थ लावणे स्वाभाविक होते.

१९८२ साली फिलिप सायनर व जेरे लिप्स ह्यांनी ह्या अनुमानातील दोष दाखवून दिला. लिप्स हा स्वतः फोरॅमिनीफेरांचा अभ्यासक. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. विपुल असलेल्या जातीचे अवशेष जवळजवळ प्रत्येक थरात मिळतात. विरळ जातीचे क्वचित मिळतात. ह्यामुळे विरळ जातीचा आपणांस सापडलेला शेवटचा अवशेष तिच्या प्रत्यक्ष अंतापूर्वीचाच असण्याचा संभव अधिक. सर्व जाती एकाच दिवशी नष्ट झाल्या असे मानले, तरी त्यांचे शेवटचे अवशेष सीमेखाली वेगवेगळ्या अंतरांवर विखुरलेले मिळतील आणि आकस्मिक नाश हळूहळू झालेल्या ऱ्हासासारखा दिसेल. डार्विनच्या मते नोंदीचा अपुरेपणा सावकाश घडलेल्या घटनेस आकस्मिक भासवितो. सायनर व लिप्स ह्यांनी दाखविले की, तोच अपुरेपणा आकस्मिक घटनेस सावकाश भासवू शकतो. पाने गहाळ झाली असता एक प्रकारचा भ्रम होतो, आणि पानांवरील शब्द विरळ असता त्याच्या उलट प्रकारचा. वॉर्डने पुढे फ्रान्सच्या सीमेवरील आंदे व ब्यारित्झ येथे अधिक शोध घेतला तेव्हा त्यास सीमेच्या अगदी जवळपर्यंत अम्मोनाइट मिळाले.

भाषेच्या इतिहासात ह्या तत्त्वाची उदाहरणे अपरिचित नाहीत. गॉथिक भाषेचा मुख्य पुरावा म्हणजे चौथ्या शतकातील वुल्फिला ह्याचे बायबलचे भाषांतर. त्यानंतर ती भाषा नोंदीतून जवळजवळ नाहीशी होते. परंतु कॉन्स्टँटिनोपल येथील राजदूत बुसबेक ह्याने सोळाव्या शतकात क्रिमियातून आलेल्या माणसांच्या तोंडून गॉथिक स्वरूपाच्या काही डझन शब्दांची यादी टिपून घेतली. ती यादी नसती तर क्रिमियातील गॉथिकचा अंत आपण कित्येक शतके आधी मांडला असता. आरंभाविषयीही तेच. अलिबागनजीकच्या आक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख मराठीतील आद्य लेखांत गणला जातो. पण त्या वर्षी मराठी जन्मली असे कोणी म्हणणार नाही.

तथापि ह्या तत्त्वाचा अतिरेकही करता येत नाही. लवकर नाहीसे होणे हा प्रत्येक वेळी भ्रमच असतो असे मानल्यास खरा ऱ्हासही आपण नाकारू. इनोसेरामस कुळातील शिंपले ह्याचे उदाहरण होत. क्रिटेशस सागरात उथळ पाण्यापासून खोल तळापर्यंत त्यांचा प्रसार होता, आणि त्यांच्या कवचांचे सुटे झालेले कॅल्साइटचे दांडे खोल सागरातील गाळात फोरॅमिनीफेरांच्या बरोबरीने मिळतात. ते दांडे विपुल असतात, म्हणून त्यांचा अभाव विरळपणाचा परिणाम म्हणून सोडून देता येत नाही. ते सीमेपूर्वी जवळपास २० लाख वर्षे, बहुतेक सर्वत्र, नाहीसे होतात. येथे मौनाचा अर्थ खरोखरच अंत हा आहे. पुष्कळ अभ्यासक त्याचा संबंध खोल पाण्याच्या अभिसरणात त्या काळी झालेल्या बदलाशी जोडतात.

प्लवक फोरॅमिनीफेरांविषयीचा वाद सर्वाधिक रंगला तो ट्युनिशियातील एल केफ येथील थरांवरून. हेच स्थळ १९९१ साली ह्या सीमेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणस्थळ म्हणून मान्य झाले. गर्टा केलर ह्यांच्या मते तेथील जाती सीमेच्या खाली व वर टप्प्याटप्प्याने नाहीशा होतात. यान स्मिट ह्यांच्या मते जवळजवळ सर्व सीमेवरच संपतात. दोघांनीही तेच खडक पाहिले होते. अखेर रॉबर्ट गिन्सबर्ग ह्यांच्या पुढाकाराने नवे नमुने घेऊन, ते सीमेच्या वरचे की खालचे हे न सांगता, चार तज्ज्ञांकडे स्वतंत्रपणे पाठविण्यात आले. १९९७ साली ह्या परीक्षेचे निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही पक्षांनी ते आपल्यालाच अनुकूल असल्याचे सांगितले. एका परीक्षकास जी विरळ जात वरच्या नमुन्यात मिळाली नाही ती दुसऱ्यास मिळाली होती. शिवाय एकाच कवचास दोन परीक्षकांनी भिन्न नावे दिली होती. केवळ अधिक पुरावा जमवून वाद मिटत नाही, तो वाचण्याची रीत आधी ठरावी लागते, हे ह्या प्रसंगावरून ध्यानी येते.

सीमेच्या वर सापडणाऱ्या क्रिटेशस जातींविषयी आणखी एक अडचण होती. ती कवचे वाचलेल्या जीवांची, की जुन्या थरांतून उखडून नव्यात मिसळलेली? नंतरच्या हस्तलिखितात आढळणारा आर्ष प्रयोग लेखकाच्या बोलीतला, की मूळ पोथीवरून नकललेला, असा जो प्रश्न पाठचिकित्सकास पडतो तोच हा. येथे कवचातील कार्बनच्या समस्थानिकांचे मापन उपयोगी पडले. जीव ज्या पाण्यात जगला त्याची खूण कवचात उतरते. म्हणून नव्या काळातील पाण्याची खूण असलेले कवच वाचलेल्या जीवाचे, आणि जुन्या पाण्याची खूण असलेले उखडलेले, असा निवाडा करता येतो. आज सर्वसाधारणपणे असे मानले जाते की, प्लवक जातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक ह्या सीमेवर नष्ट झाल्या, आणि ग्वेम्बेलिट्रिया क्रेटेशियासारख्या मोजक्याच लहान जाती वाचल्या.

(५)

आता दुसऱ्या दप्तराची साक्ष. प्लवकांचा असा संहार झाला असता खाली तळावर राहणाऱ्या फोरॅमिनीफेरांचे काय झाले? खोल तळावर सूर्यप्रकाश नाही, म्हणून तेथे वनस्पती नाहीत. वरच्या पाण्यातून जे सेंद्रिय द्रव्य खाली झिरपते त्यावरच तेथील जीवांचा निर्वाह चालतो. वरची उत्पत्ती बंद पडली तर खाली दुष्काळ पडावयास हवा.

सीमेनंतर तशी उत्पत्ती बंद पडल्याचा पुरावाही दिसत होता. सामान्यतः पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती हलका कार्बन अधिक प्रमाणात शोषून घेतात व तो मृतदेहांबरोबर खाली जातो. त्यामुळे वरच्या पाण्यातील कवचांत जड कार्बनाचे प्रमाण तळावरील कवचांपेक्षा अधिक असते. सीमेवर हा फरक एकाएकी लोपतो. ह्यावरून केनेथ श्यू व ज्युडिथ मॅकेन्झी ह्यांनी १९८५ साली जवळजवळ निर्जीव झालेल्या महासागराची कल्पना मांडली, आणि एका प्रसिद्ध चित्रपटातील पात्रावरून रूढ झालेले 'स्ट्रेंजलव्ह महासागर' हे नाव तिला लावले.

परंतु खोल पाण्यातील तळवासी फोरॅमिनीफेरांनी ह्या कल्पनेस दुजोरा दिला नाही. निरनिराळ्या महासागरांतील छिद्रणांत आढळून आले ते असे की, त्यांच्यात ह्या सीमेवर मोठा निर्वंश झालाच नाही. जातींचे परस्पर प्रमाण बदलले, काही ठिकाणी विविधता तात्पुरती घटली; उथळ समुद्रात परिणाम अधिक तीव्र दिसतो. पण खोल तळावरील बहुतेक जाती, उदाहरणार्थ नटालिडीस ट्रुएम्पी व स्टेन्सिओइना बेकारीफॉर्मिस, सीमा ओलांडून पुढे गेल्या. अन्नाचा पुरवठा दीर्घकाळ तुटला असता तर हे शक्य नव्हते. लाया आलेग्रेत, एलेन थॉमस व के. सी. लोमान ह्यांनी २०१२ साली ह्याच आधारावर असे प्रतिपादिले की, सागरी उत्पत्तीचा दीर्घकालीन अस्त हे महानिर्वंशाचे कारण नव्हे. सागरपृष्ठाच्या झपाट्याने झालेल्या आम्लीकरणाकडे त्यांनी लक्ष वेधले. कारण चुन्याचे कवच बांधणाऱ्या प्लवकांस त्याची झळ सर्वांत अधिक बसणार. २०१९ साली नेदरलँड्समधील गेउल्हेमरबर्ग येथील गुहेतून मिळालेल्या फोरॅमिनीफेरांतील बोरॉनच्या समस्थानिकांवरून मायकल हेनेहन व त्यांचे सहकारी ह्यांनी सीमेनंतर पाण्याच्या सामूत सुमारे ०.२५ इतकी घट झाल्याचे दाखविले.

महानिर्वंशापूर्वीचा सागर कसा होता ह्याचेही उत्तर तळवासी कवचे देतात. त्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून खोल पाण्याचे तापमान काढता येते. सीमेपूर्वी सुमारे ३ लाख वर्षांच्या सुमारास हे पाणी काही अंशांनी उष्ण झाले आणि सीमा येण्यापूर्वीच पुन्हा थंड होऊ लागले. हा कालखंड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकाशी निगडित आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे थर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापून आहेत, आणि त्यांचा मुख्य उद्रेक क्रिटेशसच्या सीमेच्या आगेमागे दहा लाख वर्षांच्या आत घडला. ह्या उद्रेकाने बाहेर पडलेल्या वायूंमुळे सागर आघातापूर्वीच रोगट झाला होता असे केलरप्रभृतींचे मत आहे. २०१९ साली ब्लेअर शोन व कोर्टनी स्प्रेन ह्यांच्या दोन गटांनी निरनिराळ्या पद्धतींनी लाव्ह्याचे कालमापन प्रसिद्ध केले. पहिल्या गटास आघाताच्या थोडेसे आधी एक मोठा उद्रेक दिसला. दुसऱ्या गटाच्या मते लाव्ह्याचा बहुतांश भाग आघातानंतर बाहेर पडला. मात्र २०२० साली पिन्सेली हल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, वायूंचा निदान अर्धा भाग आघाताच्या बराच आधी बाहेर पडला असावा. उष्णतेची ती लाट त्यामुळेच आली. पण आघाताच्या वेळी ती ओसरली होती, आणि तिच्या काळात खोल तळावर निर्वंश आढळत नाही.

हा निष्कर्ष मान्य केल्यास महानिर्वंशापूर्वीच्या सागराचे चित्र पालटते. इनोसेरामस आधीच गेले होते, पाणी एकदा तापून निवले होते; म्हणजे सागर अचल नव्हता. परंतु अम्मोनाइट पोहत होते, मोसासॉर शिकार करीत होते, पृष्ठभागावर ग्लोबोट्रंकाना तरंगत होत्या व त्यांची कवचे तळावर शांतपणे साचत होती. बदलणारा सागर आणि मरणासन्न सागर ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीवरून दुसरीचे अनुमान करण्याची घाई हाच ह्या वादातील मोठा प्रमाद होता.

(६)

खोल तळ अभेद्य असतो असा निष्कर्ष येथून कोणी काढील, तर त्याचे निराकरण हेच जीव करतात. क्रिटेशसच्या अखेरीनंतर सुमारे एक कोटी वर्षांनी, म्हणजे आजपासून सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन व इओसीन ह्या कालखंडांच्या सीमेवर वातावरणात व सागरात प्रचंड प्रमाणात कार्बन मिसळला आणि पृथ्वी झपाट्याने तापली. १९९१ साली जेम्स केनेट व लोवेल स्टॉट ह्यांनी अंटार्क्टिकाजवळील छिद्रणातून ह्या घटनेचा कार्बन-समस्थानिकीय पुरावा मांडला. त्या वेळी ना लघुग्रह आदळला, ना प्लवकांचा महासंहार झाला. पण खोल तळावरील फोरॅमिनीफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती नष्ट झाल्या. क्रिटेशसच्या अखेरची आपत्ती सहज ओलांडून आलेली स्टेन्सिओइना बेकारीफॉर्मिस येथे मात्र कायमची थांबली. खोल पाणी स्वतःच तापले, अधिक आम्ल झाले व काही ठिकाणी त्यातील प्राणवायू घटला. वर पडलेला घाव खालच्यांनी सोसला होता. खालपर्यंत पोहोचलेली उष्णता त्यांस सोसली नाही.

तात्पर्य, महानिर्वंश हा एकच शब्द आपण वापरतो, परंतु प्रत्येक आपत्तीचा मार्ग व बळी वेगळे असतात. कोण गेले ह्याइतकेच कोण राहिले हेही पाहिल्याखेरीज कारणाचा निर्णय होत नाही. आजही सागराच्या पृष्ठभागातून उष्णता व कार्बन खोल पाण्यात उतरत आहेत. त्यांचा परिणाम काय होईल हे अजमावू पाहणाऱ्यांस ह्या दोन सीमांची तुलना उपेक्षिता येणार नाही.

आम्हां भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांसही ह्यातून काही घेण्यासारखे आहे. आपल्या प्रबंधांत 'ह्यानंतर उल्लेख सापडत नाही, सबब ही प्रथा, हा शब्द, हा पंथ लोपला' असे वाक्य किती सहजपणे लिहिले जाते! ते लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नोंद करण्याजोगी ती गोष्ट मुळात किती विपुल होती? ज्या साधनात ती आढळत नाही ते साधन त्या काळी सलग आहे, की मध्येच तुटलेले? आणि त्याच काळाची साक्ष देणारे, पण निराळ्या थरातले, दुसरे एखादे दप्तर तपासले आहे काय? ह्या प्रश्नांस उत्तर मिळाले तर मौन हाही पुरावा होतो. न मिळाले तर ते केवळ मौनच राहते. गुब्योच्या पटांवरील शेवटच्या ओळीनंतर अंब्रियन भाषा आणखी किती पिढ्या घराघरांतून बोलली गेली हे पट सांगत नाहीत. दरीतल्या गुलाबी थरांनी मात्र, दोन दप्तरे एकत्र ठेवल्यामुळे, आपल्या मौनाचा अर्थ बऱ्याच अंशी उलगडून दाखविला आहे.